वाकड्या दांडीवरची हाक

२१ एप्रिल, रविवार

आज इंदापूरला चुलतभावाच्या नातीचं लग्न. जेवण बरं होतं, जिलेबी गार होती. दुपारी मंडळी पांगल्यावर नात्यातल्या पोरांनी मला घेरलं, "तात्या, ती मेंढरांची गोष्ट सांगा." मला काय, सांग म्हटलं की मी उठलेल्या माणसालाही खाली बसवतो. साखर कारखान्यात ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा चिटबॉय म्हणून लागलो आणि शेतकी ओव्हरसिअर म्हणून मागल्या साली निवृत्त झालो. तोड लांबलेल्या ऊसवाल्यांचं तोंड बंद करायचं तर आपलं चालू ठेवावं लागतं, ही विद्या तिथलीच.

गोष्ट सगळ्या भावकीला पाठ आहे, तरी लिहून ठेवतो. सन चौऱ्याहत्तर. आमचे आबा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे आणि वैशाखात माघारी यायचे. त्या साली परतताना घाटात सुरुंग लावून रस्ता रुंद करत होते. म्हणून आई घोडी आणि बिऱ्हाड घेऊन लांबच्या वाटेनं गेली आणि आबांनी मेंढरं वाकड्या दांडीवरून घातली. दांड म्हणजे दोन डोंगरांमधली धार. दोन्हीकडं दरी, वर दोन हात रुंद वाट. आबा सगळ्यात पुढं. मेंढरांच्या मागं माझी बहीण आक्काबाई, वय चौदा. तिच्या मागं मी, वय दहा. अशा जागी मेंढराला मागून बोलवायचं नसतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि आक्कानं नेमकी धारेच्या मधोमध आईची हाक दिली! संध्याकाळी मेंढरं वाघरीच्या जाळ्यात गोळा करायची हाक! दोनशे मेंढरं जागच्या जागी माघारी वळली. नऊ दरीत गेली.

पुढं मी नकला करतो. आबांची काठी, आक्काचं उतरलेलं तोंड, सगळं. लोक पोट धरून हसतात. आजही हसले.

फक्त आक्काची नात सृष्टी, आठवीत आहे, तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "आजी, खरंच तू नऊ मेंढरं मारली?" आक्का पदर सावरून उठली आणि सासरच्या, वरकुट्याच्या गाडीत जाऊन बसली. गाडी सुटेपर्यंत खिडकीतून माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. वय झालं की माणसं हळवी होतात.

२४ एप्रिल, बुधवार

आक्का फोन उचलत नाही. आज तिच्या सुनेनं उचलला, म्हणाली, "आत्या रानात गेल्यात." मागून आक्काचा खोकला मला स्वच्छ ऐकू आला. तो खोकला मी कुठंही ओळखीन.

बनाबाईला सांगितलं. आमची ही शेंगा फोडता फोडता म्हणाली, "ती गोष्ट तुमी किती येळा सांगितली असंल?"

"शंभरदा तरी."

"आन वन्सं त्यात किती येळा हसल्या?"

मी आठवून बघितलं. आठवलं नाही. गोष्ट सांगताना मी आक्काकडं बघत नाही, हे मला आजच कळलं.

१ मे, बुधवार

वरकुट्याला जाऊन आलो. आक्का उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती. "ये" म्हणाली नाही. मीच पायरीवर टेकलो.

"चेष्टा केली गं. एवढं काय मनावर घ्यायचं?"

"पन्नास वरसं चेष्टाच करतुयास," ती सुपातून मान वर न काढता म्हणाली. "नातीनं इचारलं रं मला. लेकाच्या लेकीनं. आता बास. माझ्या दारात यायचं आसंल तर आधी वाकड्या दांडीवर जाऊन ये. एकटा जा. तितं काय झालं ते आठवून ये."

"मला सगळं आठवतंय की."

"व्हय? मग जा. पक्कं हुईल."

आणि सूप घेऊन आत गेली. चहा नाही, पाणी नाही. सुनेला माझ्याकडं बघवेना. परतीच्या एसटीत मला राग येत होता आणि इंदापूरच्या पुढं आल्यावर रडू आलं. आईवडील गेल्यावर मला "अरे मान्या" म्हणणारं हे एकच माणूस उरलं आहे. पन्नास वर्षांत आमची एक भाऊबीज चुकली नाही. कारखान्याचा हंगाम जोरात असला तरी मी रजा टाकून वरकुट्याला गेलो आहे.

आणि हाक कुणी दिली, हा प्रश्नच नाही. आबांनी विचारलं तेव्हा आक्का स्वतःच्या तोंडानं म्हणाली होती, "म्या दिली." मी शेजारी उभा होतो.

उभा नव्हतो, बसलो होतो. असो.

७ मे, मंगळवार

सकाळी मतदान केलं. नंतर दांडीच्या सरावाला म्हणून कालव्याच्या भरावावरून सहा किलोमीटर चाललो. परवा गावच्या पाण्याच्या टाकीचा जिना तीनदा चढलो तर वॉचमननं विचारलं, "तात्या, काय मागणी हाय? उपोषण हाय का उडी?"

बारामतीहून दीपकचा फोन. लेक म्हणून काळजी करतो, पण बोलतो साहेबासारखा. "अप्पा, साठाव्या वर्षी हे काय काढलंय? निदान कुणाला तरी संगं न्या." एकटं जायची अट आहे, हे त्याला कसं सांगू? कुणाची अट, कशासाठी, मग सगळंच सांगावं लागेल.

सगळं म्हणजे काय, ते मला इथंही लिहायला नको वाटतं.

९ मे, गुरुवार

बनाबाईनं भाकरी, ठेचा, गुळाचा खडा बांधून दिला. उद्या अक्षय तृतीया, आमरसाचा दिवस, म्हणून धुसफूस चालूच होती. पिशवीला गाठ मारताना थांबली.

"कशाला जाताय?"

"आक्कानं सांगितलं म्हणून."

"वन्सं काय सांगत्यात ते तुमाला कळलंय न्हवं?"

मी म्हटलं, कळलंय. ती आणखी काही विचारील म्हणून मी थांबलो. तिनं विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात हिला किती कळतं आणि किती बोलते, याचा मला अजून पत्ता लागलेला नाही.

१० मे, शुक्रवार

बारामती, नीरा, शिरवळ, भोर आणि तिथून जीप. दांडीखालच्या गावात पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. गाव कसलं, पंधरा-वीस घरं. साखरबाई नावाची सत्तरीची बाई डोंगरावर येणाऱ्यांना जेवू घालते, तिच्या ओसरीवर पथारी टाकली.

दोन डोंगर घरातूनच दिसतात. इथले लोक त्यांना थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ म्हणतात, आणि मधल्या धारेला वाकडी दांड. साखरबाई म्हणाली, "दोन जावांच्या मधी जाणारा सुखानं येत न्हाय." मी हसलो. मग भाकरी वाढता वाढता ती म्हणाली, "सकाळी दांडीवर कुनाला हाक मारू नगा हां. हितं कुनी मारत न्हाय."

"का?"

"मागं एका धनगराच्या पोरीनं हाक दिली, आन त्याची मेंढरं दरीत गेली. तवापासनं आमी लेकीबाळींना गवताला धाडतो, पर दांडीवर तोंड उघडू देत न्हाय. माझ्या पोरीनं एकदा हाळी दिली तर तिच्या बापानं तिला गुरावानी मारलं."

मी विचारलं, "पोरगीच होती कशावरून?"

"तो धनगरच सांगून गेला की. माझ्या सासऱ्यापाशी बसून रडला म्हनं."

मी पाणी प्यायलो आणि भाकरी चांगली झाली आहे असं म्हणालो.

११ मे, शनिवार

तळवे सोललेत, अक्षर लागलं तर लागलं. साखरबाईच्या ओसरीवर आहे, उन्हं उतरली आहेत.

सहाला निघालो. मेंढरं आली होती त्याच अंगानं जायचं म्हणून आधी थोरली जाऊ. पाण्याच्या तीन बाटल्या, टोपी, काठी. खालच्या करवंदीच्या जाळ्यांत पिकली करवंदं होती. दोन मुठी खाल्ली आणि एकदम ते दिवस आले. मेंढरांच्या अंगाचा ओला वास, पहाटे घोड्यावर बिऱ्हाड लादताना आईच्या बांगड्यांचा आवाज, बिऱ्हाडावर पाय बांधून बसवलेल्या कोंबड्या, जाळीच्या झोळीतून डोकं काढणारी दोन दिवसांची कोकरं. कुणाच्या रानात मेंढरं बसवली की रानमालक ज्वारी द्यायचा आणि त्याची बायको मला शेंगा द्यायची. रोज नवं गाव, रोज नवी विहीर. मला ते आयुष्य सोडून किती वर्षं झाली, आणि मला ते किती आवडत होतं! हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. लोकांना मी फक्त हसवत आलो.

आक्का तेव्हा मेंढरांत मेंढरू होती. दोनशेच्या दोनशे तोंडानं ओळखायची. कुठली आज लंगडतेय, कुठलीनं कोकराला दूध पाजलं नाही, आबा तिला विचारायचे. मला कुणी विचारत नव्हतं. त्या दिवशी आई मला घोड्यावर बसवत होती, तर मी भोकाड पसरलं की मीही गड्यांसारखा मेंढरांमागं जाणार.

साडेआठला थोरलीच्या माथ्यावर पोचलो. गुडघे बनाबाईच्या नावानं ओरडत होते. वर वारा होता आणि समोर दांड. कुणीतरी दगडांवर पांढरे बाण काढलेत, तेवढाच काय तो बदल. डावीकडं कोकण, धुरकट. उजवीकडं आपला देश. मधे वाट. मला वाटत होतं, लहानपणी मोठं वाटलेलं मोठेपणी लहान दिसतं. दांड लहान झाली नव्हती.

पहिली शंभर पावलं नीट गेलो. वाळलं गवत बुटाखाली सरकत होतं, मुरूम खाली जात होता आणि तो खाली पडल्याचा आवाज येत नव्हता. मग वाट जिथं वाकते, जिच्यामुळं दांडीला वाकडी म्हणतात, तिथं आलो आणि पाय थांबले. मी म्हटलं, मानसिंगराव, चला. पाय म्हणाले, नाही. मी खाली बसलो. बसल्यावर समोरचा दगड डोळ्यांच्या उंचीला आला आणि मी तो ओळखला.

इथंच बसलो होतो. काखेत कोकरू. आक्का माझ्या पुढं चाळीस पावलांवर, एक मेंढी अडली होती तिला लोटत. वारा सुटला आणि मला वाटलं डोंगर हलतोय. मला आक्का पाहिजे होती. "आक्का" म्हणून ओरडलो असतो तर तिनं "ये की, भितोस काय" म्हटलं असतं, आणि भितोस हे मला चालणार नव्हतं. आईनं रोज संध्याकाळी दिलेली हाक मला येत होती. ती दिली की सगळे येतात, एवढंच मला ठाऊक होतं. मी ती दिली.

सगळे आले. पुढं आक्का, तिच्या मागं मेंढरं, एकमेकांवर चढत. वाट दोन हातांची. आक्का काठी आडवी धरून ओरडत होती आणि मेंढरं कडेनं एक एक करून कोकणाकडं घसरत होती. मेंढरू पडताना ओरडत नाही. मी नऊ मोजली. मला तेव्हा कुठं वीसपर्यंत मोजता यायचं, आणि मी मोजत बसलो.

मग आबा मेंढरांतून वाट काढत आले. काठी वर. "हाक कुनी दिली?" माझे दात वाजत होते. आक्कानं एकदा माझ्याकडं बघितलं. "म्या दिली."

मी तोंड उघडलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मला ताप भरला, मग पाऊस लागला, मग शाळा. पुढच्या उन्हाळ्यात आक्काचं लग्न झालं. मग मोठा झालो, आणि एका लग्नात कुणीतरी म्हटलं, ती मेंढरांची गोष्ट काय रे? मी सांगितली. लोक हसले. पहिल्यांदा सांगताना अंगावर काटा आला होता. दहाव्यांदा आला नाही. शंभराव्यांदा तर मला ती खरीच वाटत होती, म्हणजे मी इतकी वर्षं म्हणत होतो की वाटत होती. वाटत नव्हती. मला सगळं ठाऊक होतं. हे लिहायला मी साठ वर्षांचा झालो.

उरलेली दांड मी बसून पार केली. हाताच्या तळव्यांवर आणि बुडावर सरकत. निवृत्त शेतकी ओव्हरसिअर. पँट फाटली, तळवे सोलले. मधे एकदा रडलो, बघायला कुणी नव्हतं. धाकट्या जावेवर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. सावली नावाला नाही. पाणी एक बाटली उरलं होतं. भाकरी खाल्ली, मोबाइलवर फोटो काढले आणि उतरलो.

साखरबाई अंगणात करवंदं निवडत होती. तिनं ताक दिलं. मी तांब्या खाली ठेवला आणि म्हणालो, "ती पोरगी नव्हती. पोरगं होतं."

"तुमाला काय ठावं?"

"मीच तो. हाक मी दिली होती. माझ्या बहिणीनं अंगावर घेतलं."

ती करवंदं निवडत राहिली. देठं एकीकडं, फळं एकीकडं. मग म्हणाली, "मग येवढी वरसं कुटं हुता?"

तिच्या पोरीनं खाल्लेला मार मी परत घेऊ शकत नाही.

१२ मे, रविवार

दिवसभर एसटी. घरी आलो. बनाबाईनं पँट बघितली, तळवे बघितले, हळद लावली. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला लगीन झाल्यावर दुसऱ्या वरसालाच वळखू आलं हुतं. तुमी ती गोष्ट सांगून आला की रातभर दात खाता."

१३ मे, सोमवार

वरकुटे. आक्का उंबऱ्यातच होती. सून आणि सृष्टी आत पापड लाटत होत्या. मी दोघींना बाहेर बोलावलं. गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली होती, तर हेही निदान एवढ्यांसमोर सांगायला हवं. बाकी भावकीला श्रावणात सगळे जमतील तेव्हा सांगणार आहे.

उभ्यानं सांगितलं. नकला नाहीत, काही नाही. सून खाली बघत होती. सृष्टी म्हणाली, "मग आजी, तू खोटं का बोललीस?"

"माझ्या बापाच्या हातात काठी हुती, आन ह्याच्या तोंडावर रगत न्हवतं," आक्का म्हणाली. "आनि काय करणार हुते?"

मी म्हणालो, "आक्का, तू माझ्यामुळं मार खाल्लास."

"माराचं काय घिऊन बसलास?" ती एकदम ताठ झाली. "मार एक दिस दुखला. त्या दिवाळीला आबा मेंढरं घिऊन निघाले आन मला म्हनाले, तू ऱ्हा घरी आजीपाशी. पोरीला रानातली अक्कल न्हाय. मी येशीपतुर मागं पळत गेले. आबांनी मागं बघितलं न्हाय. माझी दोनशे मेंढरं रं, मान्या! मी नावं ठिवलेली. पुना मला त्यांच्यात जाऊ दिलं न्हाय. मग लगीनच करून टाकलं."

मला आजवर वाटत होतं की आक्का सुटली. उन्हातान्हातली वणवण संपली, घरी राहिली, बऱ्या घरात पडली. मीच कितीदा म्हटलं आहे की त्या नऊ मेंढरांनी आक्काचं भलं केलं. तेही हसून.

"माफ कर," मी म्हणालो.

"ते आता सवडीनं," आक्का म्हणाली. मग सरकून उंबऱ्यावर तिनं जागा केली. मी बसलो. सुनेनं चहा आणला. काही सुचेना म्हणून मी मोबाइल काढून फोटो पुढं केले. तिनं हातानंच बाजूला केले.

"ह्यात मला दिसत न्हाय. तू सांग. तू जाऊन आलास, मला काय पुना बघायला मिळालं न्हाय. पयल्यापासनं सांग. काय गाळू नगंस."

मी सांगायला लागलो. करवंदीच्या जाळ्या, थोरलीचा चढ, माथ्यावरचा वारा. ती मधेमधे विचारत होती. झऱ्यापाशी उंबर हाय का अजून? खडकात पानी साचतं ती जागा? मी बघितलं होतं ते सांगितलं, बघितलं नव्हतं तिथं बघितलं नाही म्हणालो. सृष्टी पिठाच्या हातानंच आमच्या पायाशी येऊन बसली.

"इथून दांड लागते," मी म्हणालो. "दोन हातांची वाट. डावीकडं कोकण, उजवीकडं आपला देश."

आक्कानं डोळे मिटले आणि माझा सोललेला हात धरला.

"हळू सांग," ती म्हणाली. "म्होरं मेंढरं हायती."